हिवाळ्यात दही का लागत नाही?

पौष-माघाच्या थंडीत ग्वाल्हेरला रात्री विरजलेले दूध सकाळी पुष्कळदा दूधच राहते. जानेवारीत येथील रात्रीचे तापमान ७-८ अंशांपर्यंत उतरते. जयेंद्रगंजातील गृहिणी मग जास्त विरजण घालतात. दही लागते, पण आंबट आणि चिकट. काही घरी दूध फुकट जाते. दुधाचे भाव पाहता हे नुकसान लहान नव्हे. म्हणून या महिन्यात आम्ही दह्याविषयी चार गोष्टी सांगणार आहोत.

दही म्हणजे सूक्ष्म जंतूंची शेती होय. विरजणातील जंतू दुधातील साखर खातात आणि तिचे आम्ल करतात. आम्ल पुरेसे वाढले की दुधातील केसीन हे प्रथिन एकमेकांस धरून घट्ट होते. बल्गेरियाचे स्तामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ साली दह्यातील अशा एका जंतूचा शोध लावला. या जंतूंना साधारण ४० अंशांची ऊब मानवते. थंडीत ते निजून राहतात, तर ५५ अंशांच्या वर मरू लागतात. तेव्हा दूध कोमट करणे हे अर्धे काम झाले. ती ऊब सहा-आठ तास टिकविणे हे उरलेले अर्धे.

हे दुसरे काम विजेचा मंद कुकर, म्हणजे स्लो कुकर, उत्तम करतो. या भांड्याची कथा मनोरंजक आहे. यहुदी लोक शब्बाथदिवशी चूल पेटवीत नसत, म्हणून शुक्रवारी सायंकाळी कालवणाचे भांडे बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवीत. आपल्या आईकडून ही आठवण ऐकलेल्या आयर्व्हिंग नॅक्सन यांना अमेरिकेत १९४० साली अशा विजेच्या भांड्याचे पेटंट मिळाले. १९७१ पासून ते क्रॉक-पॉट या नावाने विकले जाऊ लागले.

कृती अशी : एक लिटर दूध चुलीवर नीट उकळून घ्यावे. सुटे दूध तर उकळल्यावाचून कधीही वापरू नये; कच्च्या दुधातून क्षयासारखे रोग येतात. उकळल्याने दहीही घट्ट लागते. दूध निवेपर्यंत कुकरचे रिकामे भांडे ‘लो’वर दहा मिनिटे गरम करून बंद करावे आणि ते हाताला सोसवेल इतके निवू द्यावे. स्वच्छ बोट दुधात दहा आकडे मोजेपर्यंत सुखाने ठेवता आले की दूध योग्य झाले. मोठा चमचाभर ताजे विरजण थोड्या दुधात फेटून त्यात मिसळावे. हे दूध भांड्यात ओतून झाकण लावावे आणि भांडे जाड टॉवेलात किंवा रजईत गुंडाळावे. रात्रभर हलवू नये. कुकर पुन्हा चालू करू नये. ‘वॉर्म’ची ऊबही जंतूंस मारक ठरते. रात्री वीज गेली तरी बिघडत नाही, हा आणखी एक लाभ.

ज्यांच्याकडे कुकर नाही त्यांनी हळहळू नये. गरम पाण्याने ऊन केलेला हॉटकेसचा डबा किंवा गोधडीत गुंडाळलेले पातेले तेच काम करते. सकाळी दही लागले की ते थंड जागी ठेवावे, नाहीतर आंबत जाईल. पुढच्या खेपेचे विरजण खाण्यापूर्वीच स्वच्छ वाटीत काढून ठेवावे.

इतके करूनही दही लागले नाही, तर दुधाची पारख करावी. तेच विरजण, तीच ऊब ठेवून दुसऱ्या ठिकाणचे थोडे दूध शेजारी विरजावे. दोन्ही लागली नाहीत तर विरजण जुने झाले असे समजावे. दुसरे लागले आणि नेहमीचे लागले नाही, तर दोष दुधात असू शकतो. दूध नासू नये म्हणून सोडा घातला असेल तर तो आम्ल मारतो आणि दही उशिरा लागते.

दुसरे कारण आपल्या गोपालक बांधवांनी ध्यानात घ्यावे. म्हशीला कासदाह, ज्याला इकडे थनैला म्हणतात, झाला की प्रतिजैविकाची सुई देतात. ते औषध दुधात उतरते आणि विरजणाचे जंतूही मारते. उकळल्याने ते पुरते नाहीसे होत नाही. पेनिसिलीन न सोसणाऱ्या माणसास असे दूध अपाय करू शकते. म्हणून पशुवैद्याने सांगितलेले दिवस संपेपर्यंत ते दूध विकू नये, घरीही वापरू नये. चार दिवसांचे उत्पन्न बुडते खरे. पण ज्याच्या घरी ते दूध जाते तोही आपला शेजारीच आहे.

आरोग्याच्या दृष्टीने दही गुणकारी आहे. दुधातील काही साखर जंतूंनी आधीच खाल्लेली असल्याने, ज्यांना दूध पचत नाही अशा पुष्कळांना दही सोसते. सहा महिन्यांपर्यंत मात्र बाळाला आईचेच दूध द्यावे. त्यानंतर मऊ भातात थोडे ताजे दही चालते. जुलाब झाले असता दहीभात चांगला, पण तो जीवनरक्षक मीठ-साखरेच्या पाण्याची जागा घेऊ शकत नाही.

मम्रे येथे अब्राहामाने तीन पाहुण्यांपुढे दही आणि दूध ठेवले, असे उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात आहे. आपल्याही दारी येणाऱ्यास वाटीभर दही देता यावे, आणि ते निर्मळ दुधाचे असावे.