टोमॅटोचा प्लॉट कधी काढायचा?

तोडे सरत आले की घरोघरी एकच चर्चा असते: अजून एक तोडा घ्यायचा की झाडं उपटायची? ‘एवढा खर्च केलाय, निघेल तेवढं निघू दे,’ असं घरातले म्हणतात. पण रोपं, मल्चिंग, औषधं यांचे पैसे गेले ते गेले. आम्ही हिशेब मांडतो तो फक्त पुढच्या तोड्याचा.

समजा, 20 किलोची 15 कॅरेट निघतील आणि कॅरेटला 100 रुपये मिळतील. झाले 1500. तोडायला चार बाया, 300 प्रमाणे 1200. गाडीभाडं कॅरेटला 20, म्हणजे 300. संपलं की! हमाली, तोलाई, मधली फवारणी अजून धरलीच नाही. आणि तोडणाऱ्या घरच्याच बाया असल्या तरी त्यांची मजुरी लिहायचीच. ती कुणी लिहीत नाही, म्हणून तोट्यातला प्लॉट नफ्यात दिसतो.

भाव वाढेल म्हणून थांबायचं असेल, तर फुलं मोजू नका, हिरवी फळं मोजा. आजच्या फुलाचं फळ तोडायला यायला साधारण दीड महिना लागतो. तेवढे दिवस पाणी आणि औषध कोण घालणार?

करप्यानं खालची पानं वाळलीत, फळ लिंबाएवढंच राहतंय, पानांत टुटाची नागअळी दिसतेय, अशा वेळी तर रेंगाळू नये. शेजारी नवी लागवड असेल तर पांढरी माशी इथला रोग तिकडे नेते.

काढताना आधी पांढुरकी झालेली हिरवी फळंही तोडून घ्या, ती घरात पेंढ्यात पिकतात. मग सुतळी, बांबू सोडवा आणि झाड मुळासकट उपटून मुळं बघा. गाठी असल्या तर सूत्रकृमी आहेत. तिथे झेंडू बरा. मुळं स्वच्छ असतील तर त्याच मल्चिंगवर, त्याच बांबूंवर काकडी किंवा दोडका घेता येतो. वांगी, मिरची मात्र लगेच नको, ती टोमॅटोच्याच कुळातली, रोगही बरेचसे तेच.

उपटलेल्या झाडांचा ढीग बांधावर ठेवू नका. किडकी फळं खोल खड्ड्यात गाडा. शेळ्या सोडून रान साफ करून घ्यायचा मोह होतो, पण टोमॅटोचा पाला जनावराला बाधतो आणि त्यावर फवारणीचा अंशही असतो. शेळ्या दावणीलाच राहू द्या.