विश्लेषण : फ्रोडोची अंगठी, प्लेटोचा प्रश्न आणि २५० गुणांचा निबंध... फँटसी कादंबऱ्यांतून राजकीय तत्त्वज्ञान कसे समजते?

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ किंवा ‘गेम ऑफ थ्रोन्स’ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला घरी हमखास ऐकावे लागते, ‘हे वाचून परीक्षेत काय लिहिणार?’ प्रत्यक्षात सत्ता, न्याय, गुलामी, बहुसंख्यांचे सुख हे निबंधात वारंवार येणारे विषय या कादंबऱ्यांच्या केंद्रस्थानी आहेत. मात्र कथेचा निबंधात उपयोग करायचा तर तिच्यामागचा प्रश्न ओळखता आला पाहिजे आणि तो प्रश्न राजकीय तत्त्वज्ञान शिकवते. हे नेमके कसे करायचे, याविषयी...

निबंधाला एवढे महत्त्व का?

यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत निबंधाची प्रश्नपत्रिका २५० गुणांची असते. तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १००० ते १२०० शब्दांचे आणि १२५ गुणांचे. गुणवत्ता यादीसाठी धरल्या जाणाऱ्या लेखी परीक्षेच्या १७५० गुणांपैकी हा सातवा हिस्सा आहे. हा निबंध मराठीतही लिहिता येतो. एमपीएससीच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेनेही आता वर्णनात्मक पद्धत स्वीकारल्याने निबंधाचा सराव मराठी विद्यार्थ्यांसाठी अधिकच गरजेचा झाला आहे.

अलीकडच्या वर्षांत यूपीएससीच्या निबंधाचे विषय योजना, आकडेवारी यांच्यापेक्षा तत्त्वचिंतनाकडे झुकलेले दिसतात. २०२४च्या प्रश्नपत्रिकेतील एक विषय असा होता : प्रतिकूल परिस्थितीला बहुतेक माणसे तोंड देऊ शकतात, पण एखाद्याचे चारित्र्य पारखायचे असेल तर त्याच्या हाती सत्ता द्या. अशा विषयावर पाठ केलेली माहिती फारशी कामी येत नाही. तिथे युक्तिवाद करावा लागतो.

निबंध नेमका कुठे फसतो?

वरील विषयावरचा सरासरी निबंध साधारण असा असतो :

‘सत्ता ही दुधारी तलवार आहे. हिटलर आणि मुसोलिनी यांनी सत्तेचा गैरवापर केला. याउलट छत्रपती शिवाजी महाराज, अब्राहम लिंकन, नेल्सन मंडेला यांनी सत्तेचा उपयोग लोकांसाठी केला. यावरून सत्ता वाईट नसते, ती वापरणारा माणूस चांगला किंवा वाईट असतो, हे सिद्ध होते.’

या परिच्छेदातील एकही वाक्य धडधडीत चुकीचे नाही. पण त्यातून काहीच सिद्धही होत नाही. चांगल्यांची एक यादी, वाईटांची एक यादी आणि शेवटी निष्कर्ष. संकटापेक्षा सत्तेतच चारित्र्याची परीक्षा अधिक कठोर का होते, हा विषयाचा गाभा तसाच राहिला. ‘विज्ञान : शाप की वरदान’ या शालेय निबंधातही हाच साचा चालला असता. जो परिच्छेद कोणत्याही विषयाला चालतो, तो त्या विषयाचा नसतो.

गायजेसची अंगठी म्हणजे काय?

इथे प्लेटो मदतीला येतो. ‘रिपब्लिक’ या इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन एक गोष्ट सांगतो. लिडियाच्या राजाकडे चाकरी करणाऱ्या एका मेंढपाळाला भूकंपात दुभंगलेल्या जमिनीत एक मृतदेह आणि त्याच्या बोटात सोन्याची अंगठी सापडते. अंगठीचा खडा तळहाताकडे वळवला की तो अदृश्य होतो. हे लक्षात येताच तो राजवाड्यात शिरतो, राणीला वश करतो, राजाला ठार मारतो आणि राज्य बळकावतो.

ग्लॉकॉनचा प्रश्न पुढे येतो. अशा दोन अंगठ्या असत्या आणि एक न्यायी माणसाला, दुसरी अन्यायी माणसाला दिली, तर दोघांच्या वागण्यात फरक राहील का? की आपण सारे केवळ पकडले जाण्याच्या भीतीने नीट वागतो? अन्याय करणारा माणूस स्वतःच्याच वासनांचा गुलाम होतो, म्हणून तो सुखी नसतो, हे सॉक्रेटिसचे उत्तर. ते पटवून देण्यासाठी ग्रंथाचा उरलेला मोठा भाग खर्ची पडला आहे.

टॉल्किनची अंगठी त्याहून वेगळी कशी?

ऑक्सफर्डमधील प्राध्यापक जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिथेही अंगठी घालणारा अदृश्य होतो. पण गायजेसची अंगठी माणसाच्या आत आधीच असलेला हेतू उघड करते, तर टॉल्किनची अंगठी हेतूच बदलून टाकते.

तिचा मोह सर्वाधिक कोणाला होतो, हे पाहण्यासारखे आहे. बोरोमिर हा खलनायक नाही. त्याला आपले राज्य वाचवायचे आहे आणि त्यासाठीच त्याला अंगठी हवी आहे. गँडाल्फला ती देऊ केली जाते, तेव्हा तो घाबरून नकार देतो. आपण ती दयेपोटी, भले करण्यासाठी वापरू आणि तिथूनच अधःपात सुरू होईल, हे त्याला ठाऊक आहे. शेवटी ज्वालामुखीच्या कड्यावर फ्रोडोही हरतो. अंगठी टाकण्याऐवजी तो तिच्यावर हक्क सांगतो. ती नष्ट होते ती गोलमने त्याच्या बोटाचा लचका तोडल्यामुळे आणि त्याचा तोल गेल्यामुळे.

म्हणजेच ‘वाईट माणसाला सत्ता बिघडवते’ एवढेच टॉल्किन सांगत नाहीत. चांगल्या हेतूने घेतलेली अमर्याद सत्ताही बिघडवते आणि कोणाच्याही चांगुलपणावर शेवटपर्यंत विसंबता येत नाही, असे त्यांची कथा सुचवते. इथून पुढचा प्रश्न व्यक्तीकडून व्यवस्थेकडे जातो. माँटेस्क्यू यांनी १७४८मध्ये मांडलेला सत्ताविभाजनाचा विचार याच प्रश्नाचे उत्तर आहे. राज्याची सत्ता अंगठीसारखी ज्वालामुखीत फेकता येत नाही. म्हणून ती विभागायची आणि एकमेकांवर लक्ष ठेवायला लावायची.

मग तोच परिच्छेद कसा सुधारेल?

‘संकटात माणसापुढे पर्याय कमी असतात आणि त्याच्याकडे अनेकांचे लक्ष असते. सत्तेत पर्याय वाढतात आणि जाब विचारणारे कमी होतात. म्हणून स्वभावाची खरी परीक्षा तिथे होते. प्लेटोच्या गोष्टीतील मेंढपाळ अदृश्य होताच राजाचा खून करतो. त्याच्यातील क्रौर्य नवे नसेल, नवी असते ती शिक्षेपासूनची मुक्ती. मात्र सत्ता केवळ चारित्र्य पारखते असे म्हणणे अपुरे आहे. ती चारित्र्य घडवते आणि बिघडवतेही. टॉल्किनच्या कादंबरीत अंगठीचा मोह सद्हेतू असलेल्यांनाही होतो. त्यामुळे चांगली माणसे निवडून लोकशाहीचे काम संपत नाही. सत्ताधाऱ्याला अदृश्य होऊ न देणे हेही तिचे काम आहे. माहितीचा अधिकार कायदा, २००५ हे त्याचे उदाहरण. नस्ती कोणी, कधी आणि का अडवली, हे नागरिकाला विचारता येते, तेव्हा अंगठीची जादू ओसरते.’

हा परिच्छेद विषयाचा ‘का’ स्पष्ट करतो. तो विषयातील विधानाशी अंशतः असहमती दाखवतो. आणि तो कथेवर न थांबता एका खऱ्या कायद्यापर्यंत येतो. महाराष्ट्राने केंद्राच्या आधीच माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा केला होता, हा धागा पुढे नेता येतो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी राजकारणातील विभूतिपूजेबद्दल दिलेला इशाराही इथे नेमका बसतो.

बहुसंख्यांच्या सुखाचा प्रश्न कसा मांडायचा?

‘विकास आणि विस्थापन’ हा निबंधाचा आणखी एक हमखास विषय. त्यासाठी उर्सुला ले ग्विन यांची १९७३ची एक छोटी कथा उपयोगी पडते. ओमेलास हे आनंदी, समृद्ध शहर. पण तिथल्या एका तळघरात एक मूल घाणीत, उपाशी कोंडलेले आहे. शहराचे सारे सुख त्या मुलाच्या दुःखावर अवलंबून आहे आणि हे सर्वांना माहीत आहे. बहुतेक जण ते स्वीकारतात. काही जण मात्र निमूटपणे शहर सोडून जातात.

बेंथम आणि मिल यांच्या उपयुक्ततावादानुसार अधिकाधिक लोकांचे अधिकाधिक सुख हा कृती योग्य ठरवण्याचा निकष. या हिशेबात ओमेलास नफ्यात दिसते. जॉन रॉल्स यांनी १९७१च्या ‘अ थिअरी ऑफ जस्टिस’मध्ये या हिशेबालाच हरकत घेतली. त्यांचा विचारप्रयोग साधा आहे. समाजाचे नियम ठरवताना आपण त्या समाजात कोण असू हे आपल्याला माहीत नसेल, तर आपण कोणते नियम निवडू? तळघरातले मूल आपणच असण्याची शक्यता असेल, तर ओमेलासच्या करारावर सही कोण करील?

आता कोयना धरणग्रस्तांकडे पाहता येते. धरणाची वीज राज्यभर पोहोचली, पुनर्वसनाचा प्रश्न मात्र अनेक दशके रेंगाळला. इथे ओमेलासची तुलना प्रभावी ठरते, पण ती कुठे मोडते हेही लिहायला हवे. कथेतील मुलाला मदत केली तर शहराचे सुख नष्ट होते. वास्तवात विस्थापितांना जमीन, पाणी आणि मोबदला देऊनही वीज मिळू शकते. म्हणजे इथले दुःख अटळ नाही, ते टाळता येण्याजोगे आहे. तुलना जिथे मोडते, तिथेच निबंधाचा सर्वांत बळकट मुद्दा सापडतो. शहर सोडून जाणे पुरेसे आहे का, असा प्रतिप्रश्न एन. के. जेमिसिन यांनी नंतर आपल्या कथेतून केला. तिथली माणसे राहून लढतात.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ आणि ‘हॅरी पॉटर’चे काय?

जॉर्ज मार्टिन यांच्या मालिकेत व्हॅरिस एक कोडे घालतो. एका खोलीत राजा, धर्मगुरू आणि धनिक बसले आहेत. समोर एक भाडोत्री सैनिक आहे. प्रत्येक जण त्याला इतर दोघांना मारायला सांगतो. सैनिक कोणाचे ऐकेल? तलवार सैनिकाच्या हातात आहे, तरी सत्ता त्याची नाही. लोक जिथे सत्ता आहे असे मानतात, तिथे ती असते. मॅक्स वेबर यांनी परंपरा, व्यक्तीचे वलय आणि कायदा असे सत्तेच्या अधिमान्यतेचे तीन आधार सांगितले. कोडे आणि वेबर एकत्र वाचले की ‘अधिमान्यता’ हा पाठ्यपुस्तकातील शब्द लक्षात राहतो.

राजा नसेल तर काय होते, यावर थॉमस हॉब्ज यांचा ‘लेव्हायथन’ १६५१चा आहे. आपल्याकडे हीच कल्पना ‘मत्स्यन्याय’ या शब्दात आधीपासून आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो, म्हणून दंडशक्ती हवी, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही येते.

‘हॅरी पॉटर’मधील बहुतेक घरगडी एल्फना आपण गुलाम आहोत याची खंत वाटत नाही. उलट हर्मायनीच्या मुक्तिसंघटनेचा त्यांना राग येतो. गुलामीत माणूस सुटकेची इच्छाही गमावतो, असे रूसो यांनी १७६२मध्ये म्हटले होते. संमती आहे म्हणून अन्याय न्याय्य ठरतो का, यावर निबंधात लिहिण्यासाठी हे उदाहरण चपखल आहे.

वेताळाकडून काय शिकावे?

युक्तिवादाचा सराव करायला इंग्रजी कादंबऱ्याच लागतात असे नाही. वेताळपंचविशीची जवळजवळ प्रत्येक गोष्ट एका निवाड्यावर संपते. एका गोष्टीत मुलीच्या मृत्यूनंतर तिच्याशी विवाह करू इच्छिणाऱ्यांपैकी एक जण अस्थी गंगेत नेतो, एक तिच्या रक्षेवर झोपतो आणि एक संजीवन मंत्र आणून तिला जिवंत करतो. ती कोणाची पत्नी? राजा म्हणतो, जीव देणारा पित्यासमान, अस्थी नेणारा पुत्रासमान, म्हणून रक्षेपाशी राहिलेलाच पती.

हे उत्तर आज पटेलच असे नाही. मुलीला काय हवे, हे तिथे कोणीच विचारत नाही. पण त्याची रचना पाहण्यासारखी आहे. राजा निर्णय देतो, कारण सांगतो आणि उरलेले दोन दावे का फेटाळले हेही सांगतो. विद्यार्थ्यांच्या निबंधात बहुतेक वेळा हा तिसरा भागच नसतो.

काळजी कोणती घ्यावी?

* कथा हा पुरावा नाही, तो विचारप्रयोग आहे. प्रश्न धारदार करायला कथा आणि मुद्दा सिद्ध करायला इतिहास, कायदा किंवा अनुभव वापरावा.
* परीक्षकाने ती कादंबरी वाचलेली नसेल असे गृहीत धरावे. संदर्भ दोन-तीन वाक्यांत द्यावा, कथानक सांगत बसू नये.
* एका निबंधात एक, फार तर दोन कथा. नावांची गर्दी झाली की पुन्हा यादीच तयार होते.
* विचारवंताचे म्हणणे नेमके लिहावे. लॉर्ड अॅक्टन यांनी १८८७च्या पत्रात सत्ता भ्रष्ट करते असे सरसकट म्हटले नव्हते, तिची प्रवृत्ती तशी असते असे म्हटले होते. हा एक शब्द गाळला की युक्तिवाद बदलतो.
* टॉल्किन यांनी अंगठी प्लेटोकडूनच घेतली, अशी बिनपुराव्याची विधाने टाळावीत. दोन कथांतील साम्य आणि फरक दाखवणे पुरेसे असते.

सुरुवात कुठून करावी?

आधीच वाचलेल्या किंवा पाहिलेल्या एका कथेपासून. वहीत तीन ओळी लिहाव्यात : या कथेत सत्ता कोणाकडे आहे, ती त्याने का मिळवली आणि ज्याच्याकडे ती नाही त्याला कोणी विचारले का? त्यानंतर त्याच प्रश्नावरचा एखाद्या विचारवंताचा उतारा वाचावा. तिसऱ्या दिवशी कथेचे नावही न घेता त्याच प्रश्नावर ३०० शब्द लिहून पाहावेत. कथा काढून घेतल्यावरही युक्तिवाद उभा राहत असेल, तर तो निबंधात वापरण्याजोगा झाला. कोसळत असेल, तर अजून फक्त गोष्टच हाती आहे.