होळी पेटली की घड्याळ खिशात ठेवा

होळी जळाली, थंडी पळाली, असे आपल्याकडे म्हणतात. लहानपणी हे वाक्य आम्ही होळीभोवती ओरडत फिरण्यासाठी वापरत असू. त्याचा खरा अर्थ मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, रस्त्याकडेच्या एका रसवंतीच्या बाकावर आडवा पडलो असताना कळला. धावण्याचा छंद असलेल्या, किंवा तो लावून घेऊ पाहणाऱ्या वाचकांना उपयोग व्हावा म्हणून ती हकीकत आज सांगतो.

मी साताऱ्यात राहतो. एका बँकेत कॅशियर आहे. दिवसभर खुर्चीत बसून काम. तीन वर्षांपूर्वी बँकेतील आरोग्य तपासणीत उपाशीपोटीची साखर ११८ निघाली. "अजून मधुमेह नाही, पण तुम्ही त्याच्या उंबरठ्यावर उभे आहात," असे डॉक्टर म्हणाले. गोळी न देता त्यांनी रोज चालायला सांगितले. चालता चालता पळू लागलो. दोन वर्षांत साखर ९८ वर आली, पोट दोन इंच उतरले आणि पहाटेची चटक लागली. ज्या जिल्ह्यातील माण तालुक्याच्या ललिता बाबरने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक मिळवला, त्या जिल्ह्यात पळणाऱ्याकडे आता कोणी वेड्यासारखे पाहत नाही.

आमचा सहा-सात जणांचा गट आहे. एक भाजीचे व्यापारी, एक मेडिकल दुकानदार, दोन कॉलेजची मुले आणि त्रेसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना आम्ही सगळे 'बाई' म्हणतो. पहाटे साडेपाचला पोवई नाक्यावर जमायचे आणि निघायचे. आठवड्यात चार दिवस पळणे, दोन दिवस चालणे व व्यायाम, एक दिवस पूर्ण विश्रांती. रविवारी लांबचा पल्ला, कधी यवतेश्वरचा घाट. बाईंचा एकच नियम, "पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दम लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा." हा नियम साधा दिसतो, पण हौशी माणसासाठी याहून चांगले मोजमाप नाही. आठवड्यातले बहुतेक पळणे याच सुखाच्या वेगाने झाले पाहिजे.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही जवळच्याच एका गावी दहा किलोमीटरची स्पर्धा पळलो. हवेत छान गारवा होता, आंबे मोहरले होते. मी छप्पन्न मिनिटांत आलो. आतापर्यंतची माझी सर्वांत चांगली वेळ! त्या छप्पन्न मिनिटांनी माझे डोके फिरवले. मार्चच्या मध्यावर सोलापूरच्या बाजूला अर्धमॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटरची स्पर्धा होती. मी नाव नोंदवले आणि बँकेत सर्वांना सांगून टाकले, "दोन तासांच्या आत येणार." शिपायापासून शाखाधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना ते पाठ झाले. घरी सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "कुणी मागितलेत दोन तास?"

स्पर्धेच्या तीन दिवस आधी घसा धरला, अंगात कणकण आली. सर्दीची गोळी घेतली, बरे वाटले. शनिवारी रात्री पुन्हा एक घेतली आणि रविवारी पहाटे सुरुवातीच्या रेषेवर जाऊन उभा राहिलो. स्पर्धा सहाला सुटायची होती. पण पाहुणे यायचे होते, मग सत्कार, मग भाषण. सुटेपर्यंत सात वीस झाले. ऊन वर आले होते. बाई शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, आज दोन तास विसरा. ऊन बघा." मी मान डोलावली आणि विसरलो काहीच नाही.

पहिले दहा किलोमीटर घड्याळाप्रमाणे गेले. पाण्याच्या टेबलांवर मी थांबलो नाही, कारण थांबले की अर्धे मिनिट जाते. तिकडची हवा कोरडी. घाम आला तरी लगेच वाळतो, त्यामुळे आपण किती घाम गाळला ते कळतच नाही. चौदाव्या किलोमीटरला डोके ठणकू लागले. पंधराव्याला, भर उन्हात, अंगावर काटा आला आणि थंडी वाजल्यासारखे झाले. मला वाटले, वारा सुटला असेल. त्यापुढचे मला तुकड्या-तुकड्याने आठवते.

पुढचे बाईंनी सांगितले. सतराव्या किलोमीटरजवळ त्यांना मी समोरून येताना दिसलो, म्हणजे उलट दिशेने, झोकांड्या खात. "भाऊ, परत कुठे निघालात?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "बँकेची वेळ झाली." त्या दिवशी रविवार होता!

बाईंनी क्षणाचाही वेळ घालवला नाही. स्वतःची स्पर्धा तिथेच सोडली. रस्त्याकडेला एक रसवंती होती. मालक नुकताच बर्फाची लादी उतरवून घेत होता. बाईंनी मला सावलीत बाकावर आडवे केले, बनियन काढले आणि पिंपातले पाणी तांब्याने अंगावर ओतायला लावले. बर्फ फोडून पंचात गुंडाळला आणि मानेला, काखेत, जांघेत ठेवला. मालकाच्या मुलाने पुठ्ठ्याने वारा घातला. कोणीतरी १०८ ला फोन केला. रुग्णवाहिका येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस मिनिटे, हे पाणी ओतणे चालू होते. मी शुद्धीत नीट नव्हतो, म्हणून बाईंनी तोंडात पाणी घालू दिले नाही. ते श्वासनलिकेत गेले असते.

रुग्णालयात रात्रभर ठेवले. सलाईन, रक्ताच्या तपासण्या, मूत्रपिंड आणि यकृत ठीक आहे ना याची खात्री. सकाळी तरुण डॉक्टर पलंगाशी बसले आणि म्हणाले, "काका, तुम्हाला औषधाने वाचवलेलं नाही, त्या बर्फाने वाचवलं. उष्माघातात आधी थंड करायचं, मग हलवायचं. पहिला अर्धा तास सगळं ठरवतो."

असे का झाले?

मी डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला. माझी समजूत अशी, की उष्माघात म्हणजे वैशाखातली गोष्ट, शेतात दुपारी राबणाऱ्याची किंवा म्हाताऱ्या माणसाची. डॉक्टरांनी समजावले ते असे. पळताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिच्या चार भागांपैकी जेमतेम एक भाग पळण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे धावते आणि घाम येतो. पण स्नायूंनाही त्याच वेळी रक्त हवे असते. हृदय एक, मागणारे दोन. त्यात घामाने पाणी कमी झाले की रक्तही कमी पडते. शरीराच्या आतले तापमान चाळीस अंशांच्या पुढे गेले आणि मेंदूचा तोल सुटला, की त्याला उष्माघात म्हणतात. पळणाऱ्याला असा उष्माघात घाम येत असतानाही होऊ शकतो. 'घाम थांबला तरच धोका' ही समजूत चुकीची आहे.

माझ्या बाबतीत चार चुका एकत्र आल्या होत्या. एक, अंगात कणकण असताना पळालो. दुसरी, सर्दीची गोळी. यातल्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो आणि शरीर तापते. तिसरी, पाणी टाळले. चौथी सर्वांत मोठी. साताऱ्याच्या पहाटेच्या गारव्यात सराव केला आणि सोलापूरकडच्या उन्हात शर्यतीच्या वेगाने पळालो.

उन्हाची सवय शरीराला लागते, पण त्यासाठी साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. या दिवसांत रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर सुटतो आणि घामातून मीठ कमी जाते. ही सवय विकत मिळत नाही आणि जिद्दीनेही येत नाही. म्हणूनच भर उन्हाळ्यापेक्षा थंडी सरतानाचे हे दिवस पळणाऱ्याला अधिक फसवतात. ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. लंडनची मॅरेथॉन एप्रिलमध्ये असते. लोक थंडीत सराव करतात. २२ एप्रिल २०१८ रोजी तिथे पारा २४ अंशांवर गेला आणि ती त्या स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत उष्ण शर्यत ठरली. वेग कमी ठेवा, असे संयोजकांनी धावकांना आधीच बजावले होते. २४ अंश ऐकून आपण हसू. पण त्या शरीरांना त्याचीही सवय नव्हती. अमेरिकेत बोस्टनला एप्रिल २०१२ मध्ये पारा तिशीच्या वर जाणार असे दिसताच, ज्यांना नको त्यांनी यंदा पळू नये, पुढच्या वर्षी जागा राखून ठेवू, असे संयोजकांनी कळवले होते. न पळणे हाही एक निर्णय असतो, हे मला तेव्हा कोणी सांगायला हवे होते. खरे तर बाईंनी सांगितलेच होते!

पाण्याचे दोन्ही टोक वाईट

पाणी टाळणे वाईट, तसे पोट डब्ब होईपर्यंत पिणेही वाईट. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचे रक्त शेवटच्या रेषेवर तपासले, तेव्हा शंभरात तेरा जणांच्या रक्तातील सोडियम कमी झालेले आढळले. पळताना जास्त पाणी पिऊन वजन वाढलेल्यांत हे प्रमाण अधिक होते. सोडियम फार उतरले तर मेंदूला सूज येते आणि जिवावर बेतते. तेव्हा तहान लागेल तसे, थोडे थोडे प्यावे. तासाभराहून जास्त पळायचे असेल तर मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी किंवा पाकिटावर लिहिलेल्या मापाने केलेले ओआरएस बरे. घरी आल्यावर ताक आहेच. रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र मीठ आणि पाणी किती घ्यावे हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हात पळण्यापूर्वी विचारणे अधिकच गरजेचे. अंगदुखीची गोळी घेऊन तर कधीच पळू नये. मूत्रपिंडावर ताण येतो.

आमच्या गटाने आता काही गोष्टी ठरवून टाकल्या आहेत. होळीनंतर दोन आठवडे वेग आणि अंतर दोन्ही कमी. सूर्य वर यायच्या आत घरी. ताप, जुलाब, रात्रीचे जागरण असेल तर सुट्टी. स्पर्धा तासभर उशिरा सुटली तर वेळेचे लक्ष्य रद्द. आणि पळताना कोणाला डोकेदुखी, मळमळ, अंगावर काटा किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर त्याचे काही न ऐकता थांबवायचे. गोंधळलेला माणूस 'मला काही झालेले नाही' असेच म्हणतो. छातीत दुखले किंवा लघवी गडद चहासारखी झाली तर तडक डॉक्टरांकडे.

घरी परतलो तेव्हा सौभाग्यवतींनी माझे बूट उचलून माळ्यावर टाकले. एक शब्द बोलल्या नाहीत. ते मला रागावण्यापेक्षा जड गेले. डॉक्टरांनी तीन आठवडे पळणे बंद ठेवायला सांगितले होते. पुन्हा रक्त तपासले, सर्व ठीक निघाले. मग आधी चालणे, मग हळूहळू पळणे. माळ्यावरचे बूट त्यांनीच काढून दिले. अट एकच होती, घड्याळ घरी राहील.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी गावातच पाच किलोमीटरची धाव होती, बरीचशी शाळेच्या मुलांसाठी. पहाटे सहाला वेळेवर सुटली. मी आणि बाई शेवटपर्यंत गप्पा मारत पळालो. त्यांच्या सुनेच्या हातचे आंब्याचे लोणचे, माझ्या मुलीची परीक्षा. किती वेळ लागला ते मला रेषेवरच्या मुलाने सांगितले, छत्तीस मिनिटे. सौभाग्यवती सावलीत पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "आज वार कोणता?" मी म्हणालो, "रविवार." तेव्हा कुठे त्या हसल्या.

वाचकहो, पळा, जरूर पळा. पण फाल्गुन-चैत्रात वेग ठरवण्याचे काम उन्हाकडे सोपवा. दोन तासांचे काय, ते पुढच्या थंडीत बघू.