मूत्रमार्गाचा मूक संसर्ग : औषध दोघांनाही हवे

लघवीला जळजळ झाली की बहुतेक घरांत ‘उष्णता वाढली’ म्हणून धण्या-जिऱ्याचे पाणी दिले जाते. त्रास टिकलाच, तर पेढीवरचा माणूस औषधाच्या दुकानातून दोन-चार गोळ्या आणतो. जळजळ शमते, विषय मिटतो. परंतु या जळजळीमागे कधीकधी शरीरसंबंधातून पसरणारा क्लॅमिडिया हा जिवाणू असतो, आणि तो दोन-चार गोळ्यांनी जात नाही. नेहमीच्या लघवी-कल्चरमध्येही तो दिसत नाही. त्यासाठी लघवीच्या पहिल्या धारेची ‘नॅट’ तपासणी करावी लागते.

बहुतांश स्त्रियांना या संसर्गाची काहीच जाणीव होत नाही. तो कित्येक महिने गुप्त राहू शकतो, विवाहापूर्वीचाही असू शकतो. म्हणून निदान होताच कोणावर संशय घेणे अन्यायाचे ठरते. उपचार राहून गेले, तर गर्भाशयाच्या नलिका सुजून बंद होऊ शकतात. मूल होत नाही म्हणून बोल मात्र सुनेला लागतो. मुलाची तपासणी कोणी केलेलीच नसते!

प्रौढांना सामान्यतः डॉक्सीसायक्लिन 100 मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, 7 दिवस देतात. गर्भवतीस ते वर्ज्य. तिला अझिथ्रोमायसिन 1 ग्रॅम एकदाच देतात. येथे व्रतस्थ कुटुंबांत दोन अडचणी उभ्या राहतात. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. मात्र हेच औषध गोळीच्या रूपातही मिळते, तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. दुसरी अडचण चौविहाराची. हे औषध भरपूर पाण्याबरोबर घ्यावे लागते व लगेच आडवे होता येत नाही, अन्यथा अन्ननलिकेस जखम होते. नवकारसीनंतर एक आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाबरोबर दुसरी मात्रा बसते का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. उपवास योजला असल्यास तेही सांगावे. मधेच औषध सोडू नये. लोह, कॅल्शियम वा आम्लपित्ताच्या गोळ्या त्याबरोबर घेऊ नयेत.

पती-पत्नी दोघांनीही उपचार घ्यावेत आणि ते पूर्ण होईपर्यंत संबंध टाळावा. एकानेच औषध घेतले, तर दुसऱ्याकडून संसर्ग परततो. सुमारे 3 महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. ओळखीच्या डॉक्टरांकडे जाण्याचा संकोच वाटत असेल, तर शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये सल्ला व औषधे विनामूल्य मिळतात आणि माहिती गोपनीय राहते.