डेटाबेस सर्व्हर अडकला? रिस्टार्ट मारण्याआधी हे बघा

ॲप उघडलं, चक्र नुसतंच फिरतंय, तर आपण काय करतो? ॲप बंद, परत चालू. मोबाईलवर हे चालून जातं. पण ॲपच्या मागे जो डेटाबेस सर्व्हर असतो, तिथे हीच सवय महागात पडते. रिस्टार्ट केलं की सर्व्हर त्या क्षणी कशात अडकला होता याचा पुरावाच जातो, आणि दोन तासांनी तेच दुखणं परत उभं राहतं.

मी वसईच्या पाचूबंदरला राहतो आणि इथल्या एका मच्छीमार सोसायटीचा मायएसक्यूएल सर्व्हर फावल्या वेळात सांभाळतो. सर्व्हर म्हणजे एसी खोलीतलं मोठं कपाट वगैरे नाही हं, ऑफिसच्या कोपऱ्यातला साधा पीसी, त्यावर उबुंटू. त्यात बोटी, डिझेल, बर्फ आणि उधारी यांची वेगवेगळी टेबलं आहेत आणि बोटीचा नंबर त्या सगळ्यांना जोडतो. रिलेशनल डेटाबेस म्हणजे हेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा त्या पीसीकडे कोणी बघतही नाही. १ ऑगस्ट जवळ आला की सगळ्या नाखवांना एकदमच डिझेल आणि बर्फ हवा असतो. त्या वेळी हिशोब उघडला नाही तर कोणाची किती बाकी यावरून काउंटरवर भांडणं लागतात, आणि भरती काही कोणासाठी थांबत नाही.

“दादा, कॉम्प्युटर बसला” असा फोन आला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: बटणाला हात लावू नका. मग एरर लॉग उघडायचा आणि शेवटच्या पन्नासेक ओळी वाचायच्या. बरेचदा उत्तर तिथेच लिहिलेलं असतं, वाचायचा कंटाळा आपल्यालाच असतो.

त्यानंतर डिस्क. ‘डीएफ -एच’ ही कमांड दिली की किती जागा उरली ते दिसतं. डिस्क भरली की मायएसक्यूएल बंद पडेलच असं नाही. तो लिहिण्याचं काम थांबवतो आणि दर मिनिटाला जागा झाली का ते बघत बसतो. बाहेरून वाटतं हँग झाला. जागा मोकळी केली की तो आपोआप पुढे चालू लागतो, रिस्टार्टची गरजच नसते. जागा खाणारा नेहमीचा गडी म्हणजे बायनरी लॉग, म्हणजे झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद. आवृत्ती ८.० मध्ये तो आधीपासूनच चालू असतो आणि ३० दिवस साठतो. पण त्या फाईली फोल्डरात जाऊन हाताने उडवू नका, ‘पर्ज बायनरी लॉग्ज’ ही कमांड वापरा. आणि ‘आयबीडेटा१’ नावाची गलेलठ्ठ फाईल दिसली तर तिला चुकूनही डिलीट करायचं नाही. डेटाबेसचा जीव त्यात असतो.

डिस्क ठीक असेल तर ‘शो प्रोसेसलिस्ट’. सर्व्हरशी कोण कोण जोडलंय आणि काय करतंय, सगळी यादी येते. ‘टू मेनी कनेक्शन्स’ हा एरर आला असेल तर मर्यादा संपलेली असते. ती मुळात १५१ असते, वर एक जागा ॲडमिनसाठी राखून ठेवलेली. म्हणून ॲपला कधीही ॲडमिनचं लॉगिन देऊ नये, नाहीतर आपल्यालाच आत शिरता येत नाही. यादीत बहुतेक जण ‘स्लीप’ दिसले तर ॲप कनेक्शन उघडतंय पण बंद करत नाहीये. असं झोपलेलं कनेक्शन ८ तास तसंच राहू शकतं. १५१ चे १००० केले की प्रश्न सुटला असं लोकांना वाटतं. मला ते पटत नाही, प्रत्येक कनेक्शन मेमरी खातं आणि लहान पीसी त्यानेच झोपतो. ‘वेट टाईमआउट’ कमी करा आणि ॲप लिहिणाऱ्याला गाठा.

एकच क्वेरी बराच वेळ चालताना दिसली तर तिच्या पुढे ‘एक्स्प्लेन’ लावून बघा. टाईपच्या रकान्यात ‘ऑल’ आलं म्हणजे एका बोटीसाठी अख्खं टेबल वाचलं जातंय. बोटीच्या नंबरवर इंडेक्स टाका, संपलं.

आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाणं रोजचंच. वीज गेल्यावर सर्व्हर उठायला वेळ लावतो, कारण इनोडीबी आपल्या रीडू लॉगमधून पक्के झालेले व्यवहार परत बसवतो आणि अर्धवट राहिलेले मागे घेतो. तेव्हा वैतागून परत बंद केलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. चहा प्या. आणि यूपीएस घ्या.

आता बॅकअप. ‘मायएसक्यूएल-डंप’ला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय दिला की इनोडीबीची टेबलं लॉक न करता बॅकअप निघतो, काउंटर चालू राहतो. पण फाईल तयार झाली म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या मोठ्या कंपनीत एका इंजिनीअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा उडवला. त्यांचा सर्व्हर पोस्टग्रेएसक्यूएलचा. रोजचे डंप शोधले तर ते निघतच नव्हते, कारण डंप काढणारं टूल जुन्या आवृत्तीचं होतं. आणि तसं सांगणारे ईमेलही पोचत नव्हते. सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून बाकीचं वाचलं.

म्हणून महिन्यातून एकदा मी आमचा डंप दुसऱ्या लॅपटॉपवर भरतो आणि दोन-चार बोटींची उधारी मुनीमकाकांच्या वहीशी ताडून बघतो. नावंही बघतो. कॅरेक्टर सेट चुकला असेल तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात आणि त्यातून मूळ नाव परत मिळत नाही. टेबल ‘यूटीएफ८एमबी४’ वर ठेवा. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ एका अक्षराला तीनच बाईट देतो. देवनागरी त्यात मावते, पण कोणी बोटीच्या नावापुढे माशाचा इमोजी टाकला की एंट्री अडकते. आमच्याकडची पोरं टाकतातच.