दुपारनंतर भेगा का कमी झाल्या?

पेट पास झालात, सिनॉप्सिस लिहायला बसलात, की एक ओळ हमखास येते: 'प्रत्यक्ष क्षेत्रभेटीतून माहिती गोळा केली जाईल.' मीही लिहिली होती. क्षेत्रभेटीला जाणारा माणूस दमतो, पाण्यात भिजतो, दुपारी तीननंतर त्याला वही काढायचाही कंटाळा येतो, हे त्या ओळीत कुठेच दिसत नाही. पण त्याच्या डेटात ते उतरतं. माझ्या डेटात कसं उतरलं ते सांगतो, म्हणजे निदान ही चूक तरी तुम्ही करणार नाही.

जागा सांदण दरी. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पलीकडे साम्रद गावाजवळ. पठारावरून चालता चालता जमीन एकदम चिरलेली दिसते आणि तुम्ही तिच्या आत उतरायला लागता. दोन्ही बाजूंना बेसाल्टच्या उभ्या भिंती, ढोबळ मानाने दोनशे फुटांच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून जास्त. खाली वाट अशी नाहीच. फ्रिजएवढे, जीपएवढे धोंडे एकावर एक पडलेत, त्यांच्यावरून चढउतार करत जायचं. सुरुवातीच्या भागात पाण्याचे डोह लागतात. पावसाळा संपल्या संपल्या गेलात तर कमरेपर्यंत पाणी, उन्हाळ्यात कधीकधी नुसते बूट भिजतात. पुढे कातळटप्पे येतात, तिथे दोर लागतो आणि ती वाट कोकणात डेहणे गावाकडे उतरते. आपण पहिल्या दोराच्या टप्प्यापर्यंत जाऊन परत फिरायचं. अंतर ऐकलं तर कुणीही हसेल, पण संध्याकाळी जिना उतरताना मांड्या आठवण करून देतात. पावसाळ्यात इकडे फिरकायचंच नाही, कारण तेव्हा ही वाट पाण्याची असते.

आत शिरण्यापूर्वी कड्यावर अर्धा तास थांबा. फोटोसाठी थांबाल तसेही. एका बाजूला रतनगड आणि त्याचा खुट्टा, दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग, आणि कोकणाच्या अंगाला आजोबाचा डोंगर. या सगळ्यांच्या अंगावर आडवे पट्टे दिसतात, पायऱ्यांसारखे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर आहेत ते. 'ट्रॅप' हा शब्दच मुळात पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. हे आडवे पट्टे डोक्यात ठेवून आत जा, कारण आतला पहिला प्रश्न त्यांच्यावरच अवलंबून आहे.

प्रश्न असा: ही चीर कशी पडली? 'भूकंपात जमीन दुभंगली' हे तुम्हाला तिथे कुणीतरी सांगेलच. (शिवाय 'आशियातली दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी' हेही. तिबेटमधली यार्लुंग त्सांगपोची घळ काही ठिकाणी पाच हजार मीटरहून खोल आहे. पुढचं गणित तुम्हीच करा.) दुभंगण्याच्या गोष्टीत जमीन वर-खाली सरकली असेल, म्हणजे फॉल्ट असेल, तर एका भिंतीवरचा थर समोरच्या भिंतीवर त्याच उंचीला मिळणार नाही. मिळाला तर? माझ्यासारखे लगेच लिहितात, 'फॉल्ट नाही.' चूक. थर आडवे आहेत. दोन्ही बाजू एकमेकींना घासून नुसत्या आडव्या सरकल्या असतील, तरी थर जुळलेलेच दिसणार. त्यामुळे घासल्याच्या रेघा, चुरा झालेला खडक, हे वेगळं शोधावं लागतं. तिसरी शक्यता डाइकची, म्हणजे भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंतीची. डाइक झिजून गेली असली तरी कडेला तिचे अवशेष राहू शकतात. ती बाजूंनी थंड होते, त्यामुळे तिच्यातले खांब आडवे असतात. लाव्हाच्या थरातले खांब बहुतेक उभे. आणि चौथी, सगळ्यात साधी शक्यता: दाट भेगांचा एक पट्टा होता, पाण्याने तोच पकडून खोदला. ही तपासायची तर भेगा मोजायला हव्यात.

मी मोजल्या. पहिल्या फेरीत, डिसेंबरात. जिथे चांगल्या दिसल्या तिथे थांबून. घरी येऊन आलेख काढला तर छान उतरता निघाला: दरीच्या तोंडाशी भेगा दाट, पुढे पुढे विरळ. मला आनंद झाला. दोन परिच्छेदांचं स्पष्टीकरण लिहिलं, एका परिषदेला गोषवाराही पाठवून दिला.

मॅडमनी आलेख बघितला आणि एवढंच विचारलं, "वेळेचा रकाना कुठाय?"

वहीत रकाना नव्हता. पण फोटोंवर वेळ होती, त्यावरून लावून बघितलं. जेवणाआधी एकतीस नोंदी, जेवणानंतर सहा. भेगा कमी झाल्याच नव्हत्या, मी कमी झालो होतो. सकाळी बोटभर भेगही लिहिलेली. दुसऱ्या डोहातून बाहेर आल्यावर ओल्या बुटांनी धोंड्यांवरून घसरत असताना फक्त हात घालता येईल एवढी मोठी भेग 'भेग' वाटत होती. दरीत मी जितका आत, तितका जास्त दमलेला. म्हणजे जागा आणि दमणूक एकाच दोरीला बांधलेल्या, आणि आलेखात नेमकं कोण दिसतंय हे सांगायची सोयच नाही.

दगडांच्या बाबतीतही हेच झालं. ओढ्यातले दगड मोजायची वोल्मन यांची १९५४ची पद्धत आजही वापरतात: चालत राहायचं, पावलागणिक न बघता बोट टेकवायचं, पहिला लागेल तो दगड मोजायचा, असे शंभर. मी उड्या मारत जाताना पायाखालचे मोजले. आता विचार करा, धोंड्यांतून जाताना तुमचा पाय कुठला दगड निवडतो? मोठा, सपाट, न हलणारा. गोल गुळगुळीत दगड पाय टाळतो. पण पाण्याने लांबून वाहून आणलेला तोच असण्याची शक्यता जास्त, आणि टोकदार धोंडा बहुधा वरच्या भिंतीतून कोसळलेला. म्हणजे पाण्याच्या कामाचा पुरावाच मी ओलांडून जात होतो.

दुसऱ्या फेरीची आखणी टेबलावर बसून केली. टेपने दर चाळीस मीटरला एक ठिकाण, एकूण बारा. प्रत्येक ठिकाणी भिंतीला पाच मीटर टेप आडवी लावायची आणि तिला छेदणारी, ठरलेल्या रुंदीपेक्षा मोठी प्रत्येक भेग लिहायची. काहीच नसेल तर शून्य लिहायचं, रकाना रिकामा ठेवायचा नाही. ठिकाण डोहात आलं तर? पुढची पहिली कोरडी जागा, हे आधीच लिहून ठेवलं, कारण पाण्यात उभं राहून माणूस स्वतःच्या सोयीचे नियम फार पटकन बनवतो. टेप अशासाठी की इतक्या अरुंद घळीत फोनचं जीपीएस भरकटतं. माझे पहिल्या फेरीतले काही बिंदू नकाशावर चक्क पठारावर पडले होते.

यातला सगळ्यात उपयोगी भाग क्रमाचा: विषम क्रमांकाची ठिकाणं जाताना, सम क्रमांकाची परत येताना. त्यामुळे दरीच्या तोंडाजवळचं दुसरं ठिकाण दिवसातलं सगळ्यात शेवटचं झालं. जागा आणि दमणूक सुटी झाली. शिवाय दोन ठिकाणं दोन्ही वेळा मोजली, सकाळी आणि परतताना, सकाळचे आकडे न बघता. माझ्या दोन मोजण्यांत किती फरक पडतो तेही कळलं. पडला. वाटला होता त्यापेक्षा जास्त.

आलेख सपाट आला. माझ्या बारा ठिकाणांपुरता तरी दाट-विरळ असा काही उतार नव्हता. चीर कशी पडली याचं उत्तर त्यातून मिळत नाही. फक्त माझं एक आवडतं उत्तर गेलं. परिषदेच्या आयोजकांना गोषवारा मागे घेतो म्हणून मेल लिहायला, खरं सांगायचं तर, तीन दिवस लागले.

तुम्ही जाणार असाल तर गावातला वाटाड्या घ्या आणि परत फिरायची वेळ सकाळीच वहीच्या पहिल्या पानावर लिहा, नंतर ती बदलायची नाही. आत दिवस लवकर मावळतो. अवकाळीचे ढग दिसले तर कितीही ठिकाणं राहिली असली तरी आत शिरू नका. आणि वहीत पेन्सिलनेच लिहा. जेल पेनने लिहिलेली माझी चार पानं अजून जपून ठेवलीत, निळा डाग आहे नुसता.