कमला, सॅम आणि वाचकांचे दोन तट

अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाकिस्तानी घरातली कमला खान 2014 साली ‘मिस मार्व्हल’ या कॉमिक मालिकेची नायिका झाली. 2015 मध्ये ती अ‍ॅव्हेंजर्सच्या पथकात आली. तिथे दुसऱ्या मालिकेतला नोव्हा, म्हणजे सॅम, तिच्यासमोर बोलताना अडखळू लागला! काही वाचक म्हणतात, मुसलमान नायिकेला हे कशाला? काही म्हणतात, सोळा वर्षांच्या मुलीला मन नसतं का?

मला त्याआधीचा प्रसंग मोलाचा वाटतो. बालमित्र ब्रुनो प्रेम बोलून दाखवतो. कमला, आत्ता माझं कामच माझ्यासाठी सगळं आहे, असं सांगून नकार देते. घरच्यांचा धाक ती पुढे करत नाही. आणि अम्मी? तिला लेकीचं गुपित कधीचंच ठाऊक असतं.